दुधीतला रक्तप्रवाह

दुधीची गोष्ट मी आजवर पुष्कळ वेळा सांगितली आहे. ठाण्याला टेक्निशियनांच्या वर्गात सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली, एकदा तर केस कापून घेता घेता सलूनमध्ये सांगितली. ऐकणारे आधी हसायचे, मग गप्प व्हायचे आणि मग माझ्याकडे जरा आदराने बघायचे. त्या आदराची मला सवय झाली होती. पण ती गोष्ट मी दर वेळी खोटी सांगितली. त्यातला दुधी खरा, यंत्र खरं, वाचलेला पायही खरा. खोटा फक्त त्यातला मी.

खरं काय ते सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. डॉक्टर हयात होते तोवर त्यांची भीती होती. ते गेल्यावर नोकरीतल्या नावाची काळजी, आणि निवृत्त झाल्यावर मुलांना काय वाटेल ही शंका. आता गुडघे गेलेत, दिवसातला बराच वेळ खुर्चीत जातो, आणि टाळायला एकही कारण हाताशी उरलेलं नाही. लिहायला बसलो तर बरंच वाटतंय.

मी डॉक्टर नाही. वडील भिवंडीत शाळामास्तर होते. मी शिकण्यात बेताचा, पण हातात स्क्रू ड्रायव्हर आला की माझं डोकं चालायचं. रेडिओ दुरुस्तीचा कोर्स केला आणि बाजारात एका दुकानात ट्रान्झिस्टर उघडून बसू लागलो. एकदा एक डॉक्टर बंद पडलेलं ईसीजी यंत्र घेऊन आले. कंपनीच्या माणसाने महिनाभर तारखा दिल्या होत्या. मी ते संध्याकाळपर्यंत सुरू करून दिलं. डॉक्टर म्हणाले, "दुकानात काय करताय? माझ्याकडे या."

त्यांचं नर्सिंग होम छोटं होतं. दहा-बारा खाटा, खाली दवाखाना, मागच्या बाजूला तपासणीची खोली. त्या खोलीच्या भिंतीला लागून एक लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना. गल्लीत दुसरं होतंच काय? आम्ही जन्मलो लूमच्या आवाजात, अभ्यास केला लूमच्या आवाजात. बाहेरगावचे पाहुणे आले की विचारायचे, "तुम्हाला झोप कशी लागते हो?" आम्ही विचारायचो, "कशानं?" हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. या सगळ्या प्रकरणाचं मूळ तिथेच आहे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर डॉक्टरांनी मुंबईहून एक लहानसं डॉपलर यंत्र आणलं. पाटीएवढा डबा, त्याला एक स्पीकर, एक काट्याचा मीटर, आणि लांब वायरच्या टोकाला पेनाएवढा प्रोब. आम्ही त्याला पेन्सिलच म्हणायचो. कातडीवर जेली लावायची, पेन्सिल तिरकी टेकवायची, की आतल्या रक्ताचा आवाज स्पीकरमधून येतो. डॉक्टरांनी मला ते असं समजावलं: एसटी हॉर्न वाजवत आपल्याकडे येते तेव्हा हॉर्न चढा वाटतो, पुढे निघून गेली की उतरतो. आपल्या कानाला न ऐकू येणारा ध्वनी पेन्सिल आत सोडते, तो वाहत्या रक्तावर आपटून परत येताना त्याचा सूर बदलतो, आणि तो बदल आपण ऐकतो. रक्त जितकं वेगात, तितका सूर चढा. निरोगी नसेचा आवाज फटके मारल्यासारखा स्पष्ट. चोंदलेल्या नसेचा मंद, वाऱ्यासारखा. बंद नसेचा काहीच नाही.

लूमवर बारा-बारा तास उभी राहणारी, विड्या ओढणारी, साखरेचा आजार असलेली माणसं आमच्याकडे पाय दुखतो म्हणून यायची. त्यांच्या पायात रक्त पोहोचतंय की नाही, एवढंच कळायला हवं होतं. वेळेत कळलं तर मुंबईला पाठवून नस जोडता यायची. उशीर झाला तर पाय कापायचा.

मी त्या यंत्राच्या प्रेमात पडलो. पेन्सिलीचा कोन जरा बदलला की आवाज बदलतो आणि काटाही हलतो, हे माझ्या लक्षात आलं. म्हणजे आज मोजलेलं आणि आठवड्याने मोजलेलं जुळायचं कसं? लूममध्ये इकडून तिकडे धावणारा धोटा असतो, तो फार घट्ट लाकडाचा असतो. मोडलेला एक धोटा आणून मी तो कापला, घासला आणि पेन्सिल कायम एकाच कोनात बसेल अशी खोबण केली. डॉक्टर इतके खूष झाले की येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला ते लाकूड दाखवायचे. "आमचे इंजिनिअर," असं माझ्याकडे बोट करून म्हणायचे. मी इंजिनिअर नव्हतो, पण नाही असंही कधी म्हटलं नाही.

मग मी आणखी एक सुधारणा केली. यंत्रात बनवणाऱ्यांनी एक चाळणी ठेवलेली असते. खालच्या सुरातले जाडे, घुमणारे आवाज ती गाळून टाकते. मला वाटलं, मंद रक्ताचा सूरही खालचाच असतो, मग तोही गाळला जात असेल. डबा उघडला, दोन कपॅसिटर बदलले आणि चाळणीची भोकं मोठी केली. त्यावर एक जास्तीचा ॲम्प्लिफायर चढवला. यंत्र एकदम जिवंत झालं! पूर्वी जिथे काही ऐकू येत नव्हतं तिथे आता घुमल्यासारखा आवाज येऊ लागला. "बघा, आता बारीक नससुद्धा सुटत नाही," मी डॉक्टरांना म्हणालो. त्याच आठवड्यात बाकड्याला जागा व्हावी म्हणून तपासणीची लोखंडी खाट मी कारखान्याच्या भिंतीला टेकवली.

चाचा आमच्याकडे आले ते त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी. पन्नाशीचे विणकर, उत्तरेकडून तरुणपणी आलेले, टेमघरला एका खोलीत पाच-सहा जणांबरोबर राहणारे. साखरेचा आजार जुना. उजव्या पायाची करंगळी काळवंडली होती आणि तिला जखम होती. घरी चार मुली, त्यातल्या दोघींची लग्नं व्हायची होती.

"पैर रहेगा ना साहब?" त्यांनी मला विचारलं. "मेरा काम ही खड़े रहने का है."

मी घोट्याच्या वर रक्तदाबाचा पट्टा बांधला आणि पेन्सिल टेकवली. घुमणारा आवाज आला. पट्ट्यात हवा भरत गेलं की नस दाबली जाते आणि एका जागी आवाज थांबतो. तो थांबतो त्या दाबावरून रक्त किती जोरात येतंय ते कळतं. चाचांच्या पायात मी हवा भरत गेलो, भरत गेलो, तरी आवाज काही थांबेना. साखरेच्या माणसाच्या नसा चुन्यासारख्या कडक होतात आणि दबत नाहीत, हे डॉक्टरांनी मला शिकवलं होतं. मी वहीत लिहिलं: नस कडक, प्रवाह आहे.

डॉक्टरांनी पावलावर बोटं ठेवून पाहिलं. "मला काही लागत नाही हो," ते म्हणाले.

"सूज आहे ना सर. यंत्रात येतोय आवाज."

त्यांनी आणखी एकदा घोट्यामागे बोट दाबून पाहिलं. मग म्हणाले, "बरं. तुमच्या यंत्राला माझ्या बोटांपेक्षा जास्त कळतं." आणि जखमेचं औषध, साखरेची गोळी, दोन दिवसांआड ड्रेसिंग असं लिहून दिलं.

ड्रेसिंग करायच्या त्या आमच्या मावशी. दिघाशीच्या. रोज एसटीने येऊन जाऊन असायच्या. पंचेचाळिशीच्या, अंगाने काटक, तोंडाने फटकळ. नर्सिंग होममध्ये आया म्हणून लागण्याआधी त्यांनी बारा वर्षं कारखान्यात कांड्या भरल्या होत्या, म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळण्याचं काम. चाचांशी त्यांची बरी गट्टी जमली.

"चाचा, बिडी सोडा ती," ड्रेसिंग करताना त्या दटावायच्या.

"छोड़ दी मौसी."

"मंग खिशात काय, लाडू हाय?"

दोन आठवड्यांत करंगळीचा काळेपणा शेजारच्या बोटाकडे सरकला. मी परत यंत्र लावलं. आवाज होता तसाच होता. माझ्या मागे मावशी ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, ह्यो आवाज रगताचा न्हाय."

"मग कशाचा आहे?"

"मागाचा हाय. पलीकडं लूम चालतात, त्यांचा. धोटा आपटतो तसाच येतोय."

मी हसलो. "मावशी, कांड्या भरता भरता डॉक्टर झालात वाटतं."

"डाक्टर न्हाय झाले. कान हाय मला."

चाचांना ते मराठी कळलं की नाही कोण जाणे. ते माझ्याकडे बघत होते. मी त्यांना म्हणालो, "सब ठीक है." हे तीन शब्द मी बोललो, ते आजही मला ऐकू येतात.

त्या म्हणाल्या ते अक्षरशः खरं होतं, हे आता समजावून सांगतो. भिंतीपलीकडे चोवीस लूम चालत होते. त्यांच्या हादऱ्याने फरशी थरथरायची, फरशीबरोबर लोखंडी खाट, आणि खाटेबरोबर तिच्यावरचा पाय. हलणारी कोणतीही वस्तू पेन्सिलीसमोर आली की ती तिला रक्त म्हणून ऐकते. असा घुमणारा आवाज गाळण्यासाठीच ती चाळणी होती, आणि मीच ती मोठी केली होती. चांगल्या नसेचा फटका इतका जोरदार असतो की त्यात हा घुमणारा आवाज बुडून जायचा, म्हणून बाकीच्या रुग्णांत काही वावगं दिसलं नाही. ज्याच्या पायात रक्तच नाही, त्याच्याच पायात तो एकटा वाजायचा. बाहेरचा कोणी माणूस असता तर त्याला खोलीत शिरल्या शिरल्या लूम ऐकू आले असते. मी भिवंडीचा. मला ते ऐकूच येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. दुपारी मी तपासणीच्या खोलीत आलो तर खाटेवर एक चांगला हातभर लांब दुधी ठेवलेला. मावशींनी भाजीसाठी बाजारातून आणलेला. त्याला जेली फासलेली, आणि मावशी त्यावर पेन्सिल धरून उभ्या. यंत्र सुरू होतं. स्पीकरमधून तोच आवाज येत होता. चाचांच्या पायाचा.

दारातल्या बाकड्यावर दोन-तीन नातेवाईक बसले होते. मावशी त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "या भाऊ, या. दुधीलाबी रगत आलंय. ॲडमिट करा त्याला!"

बाकडं हसलं. एक म्हातारा तर खोकेपर्यंत हसला.

इथपर्यंतची गोष्ट मी नेहमी सांगायचो, फक्त पेन्सिल धरलेला हात माझा असायचा. पाय वाचल्याचंही सांगायचो, पण मधे जे झालं ते कुणालाच सांगितलं नाही.

माझ्या डोक्यात सणक गेली. आमचे इंजिनिअर, आणि लोक दुधीवरून हसतायत. "ठेवा ते!" असं ओरडून मी मावशींच्या हातातून पेन्सिल हिसकली. मी ओढली, त्यांनी सोडायच्या आत ओढली, आणि वायर पेन्सिलीच्या बुडातून तटकन तुटली. आवाज बंद. बाकडंही गप्प.

मावशी आपल्या रिकाम्या हाताकडे बघत होत्या. आवाज ऐकून डॉक्टर आले. "काय झालं?"

मी म्हणालो, "मावशी यंत्राशी खेळत होत्या सर. वायर तोडली."

डॉक्टर स्वभावाने मऊ होते. पण ते यंत्र त्यांचं लाडकं होतं, आणि खाटेवर जेली फासलेला दुधी पडला होता. काय समजायचं ते त्यांनी समजून घेतलं. "मावशी, हे खेळणं आहे का?" ते म्हणाले. "उद्यापासून येऊ नका."

मावशींनी हात पुसले, दुधी तिथेच राहू दिला, पिशवी उचलली. दारातून जाताना मला म्हणाल्या, "माझं जाऊंद्या भाऊ. त्या चाचाचा पाय बघा."

मी वायर जोडत बसलो. संध्याकाळपर्यंत यंत्र सुरू झालं. तेव्हाही मी दुधीला हात लावला नाही.

शुक्रवारी सकाळी मी आलो तर चाचा पायरीवर बसलेले. त्यांचा ड्रेसिंगचा दिवस नव्हता. पायाला फडकं गुंडाळलेलं आणि चेहरा रात्रभर न झोपल्यासारखा.

"आज कैसे, चाचा?"

"मौसी बोल के गई. कल शाम को खोली पे आई थी. बोली, शुक्रवार को लूम बंद रहता है, उसी दिन मशीन लगवाना. और किसी दिन मत लगवाना."

टेमघर दिघाशीच्या वाटेवर नव्हतं. कामावरून काढलेली बाई उलट्या दिशेने तिकडे गेली होती, आणि मग संध्याकाळची एसटी पकडून घरी.

मी चाचांना खाटेवर झोपवलं. गल्ली शांत होती. शुक्रवारची शांतता आम्हाला सुट्टीसारखी वाटते, तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. मी पेन्सिल टेकवली. काहीच नाही. जेली वाढवली, कोन बदलला, घोट्याच्या दोन्ही बाजूंनी शोधलं. स्पीकरमधून नुसती खरखर. वायर नीट जोडली गेली नसेल म्हणून मी माझ्याच मनगटावर लावून पाहिलं. धडाधड फटके. यंत्र ठणठणीत होतं. मग खिडकीत सरकवून ठेवलेला दुधी मी खाटेवर घेतला आणि त्यावर पेन्सिल ठेवली. दुधी गप्प. चाचा माझ्याकडे बघत होते आणि मी दुधीकडे.

मी धावत डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी स्वतः मांडीपासून खाली सगळा पाय तपासला. मांडीत आवाज होता, गुडघ्यामागे मंद, त्याखाली काही नाही. ते इतकंच म्हणाले, "अजून वेळ आहे. आज पाठवायचं. आत्ता." त्यांनी मुंबईच्या ओळखीच्या सर्जनना फोन लावला. गाडी आली. चाचांना मागच्या सीटवर आडवं करून पायाखाली उशी दिली, आणि गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा मी पायरीवर मटकन बसलो. छातीवरचा दगड निम्मा उतरला होता. अजून वेळ होता. डॉक्टरांनी तसं म्हटलं होतं.

त्यांनी चहा मागवला. माझ्याशेजारी येऊन बसले. "तुम्हाला कळलं कसं हो?"

तेव्हा सांगायचं होतं. त्याहून सोपी वेळ पुन्हा आली नाही. पण मावशींचं नाव घेतलं की दुधीचं सांगावं लागणार, दुधीचं सांगितलं की वायरीचं. मी म्हणालो, "लूम चालू असताना आणि बंद असताना, दोन्ही वेळा दुधीवर लावून पाहिलं मी."

"दुधीवर?" ते हसायला लागले. मग थबकले. "म्हणजे काल मावशी..."

"त्यांनी बघितलं असेल मला करताना. म्हणून त्या खेळत बसल्या."

त्यांनी कप खाली ठेवला. "रागाच्या भरात बोललो मी. बोलावून घ्यावं का त्यांना?"

"मिळालंय त्यांना दुसरं काम," मी म्हणालो. मला काहीही माहीत नव्हतं.

चाचा दीड महिन्याने परत आले. मांडीतली नस काढून खाली जोडली होती. करंगळी गेली होती, बाकी पाय शाबूत. ते काठी न घेता खोलीत चालत आले. मी त्यांचं पाऊल हातात घेतलं आणि ते गरम होतं. साधं, कोमट, माणसाच्या पायासारखं गरम. मी ते बराच वेळ सोडलं नाही. "क्या हुआ साहब?" ते म्हणाले. मी म्हणालो, "कुछ नहीं, तपासतोय." त्या दिवसाइतका सुटल्यासारखा मी पुन्हा कधी झालो नाही.

जाताना त्यांनी विचारलं, "मौसी नहीं दिखती?"

"गाव गई," मी म्हणालो.

यंत्र मी चाचांना मुंबईला पाठवलं त्याच दिवशी दुरुस्त केलं होतं. चाळणी पूर्ववत केली, खाट भिंतीपासून ओढून खोलीच्या मध्यावर आणली, तिच्या चारही पायांखाली जाड रबर ठोकलं. वही काढून त्या दोन-अडीच महिन्यांतले सगळे रुग्ण शुक्रवारी परत बोलावले. दोघांचा प्रवाह माझ्या लिहिण्यापेक्षा कमी निघाला, पण दोघेही वेळेत होते. बाकीचे बरोबर. शेवटच्या नावावर खूण केली तेव्हा मी वहीवर डोकं टेकलं. माझ्या चुकीने कुणाचा पाय गेला नाही, हे मला आजही रोज एकदा आठवून बरं वाटतं.

आणि नियम केला. सकाळी पहिल्या रुग्णाआधी पेन्सिल दुधीवर लावायची. दुधी बोलला तर यंत्र खोटं. दुधी नसेल तर बटाटा. डॉक्टरांनी ठाण्याच्या डॉक्टरांच्या सभेत यावर भाषण केलं, मला उभं केलं, शाल आणि नारळ दिला. मग आसपासच्या दवाखान्यांतून लोक शिकायला येऊ लागले. काल्हेरकडे गोदामं वाढत गेली, भिवंडी पसरली, नव्वदीत रंगीत पडद्याची डॉपलर यंत्रं आली, नसेतलं रक्त लाल-निळं दिसू लागलं. कोन आता पडद्यावरच्या रेघेने बसवता येऊ लागला. तरी नव्या पोरांना मी आधी दुधीच द्यायचो. पद्धत चांगली होती. ती माझी नव्हती.

त्या सुमारास एकदा मी दिघाशीला गेलो. एका रुग्णाच्या घरी जायचं निमित्त होतं, पण मनाशी वाक्य तयार करून गेलो होतो. एसटीतून उतरून विचारत विचारत घर शोधलं. मावशी अंगणात भात वाळत घालत होत्या. केस पांढरे झाले होते. मला बघून हातातलं सूप खाली ठेवलं.

"अगो बाय! भाऊ? इकडं कुठं?"

त्यांनी ओट्यावर चटई टाकली, सुनेला चहा सांगितला. मी बसतो न बसतो तोच त्यांनी विचारलं, "चाचाचा पाय?"

"चांगला आहे. चालतायत. धाकट्या मुलीचं लग्न करून आले गेल्या वर्षी."

त्यांनी डोळे मिटले आणि लांब श्वास सोडला. इतकी वर्षं तो आत धरून ठेवल्यासारखा. मग हसल्या. "मंग झालं. आनि काय पायजे?"

मग शेताचं, नातवंडांचं बोलणं निघालं. नोकरी गेल्यावर वर्षभर पुन्हा कांड्या भरल्या, मग मुलगा कमावता झाला, आता घरीच. चहा आला. मी वाक्य जिभेवर आणत होतो. तेवढ्यात मावशीच आवाज खाली आणून म्हणाल्या, "डाक्टर अजून रागावलेत का माझ्यावर?"

"नाही हो. मुळीच नाही."

"मला लई वाईट वाटलं होतं भाऊ. म्हागाचं यंत्र. माझ्याच हातून तुटली ती वायर. तुम्ही घेत होता आनि मी सोडली न्हाय. हट्टी बाई मी."

त्या माझ्याकडे बघत होत्या. तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात सगळं झालं असतं. पण सून दारात उभी होती, एक नातू माझ्या चपला घालून अंगणात फिरत होता, आणि मावशी इतक्या आनंदात होत्या की... नाही, हीही सबबच. मी म्हणालो, "जाऊ द्या हो मावशी. झालं ते झालं."

म्हणजे मी त्यांना माफ केलं. माझ्या चुकीबद्दल मी त्यांना माफ केलं, आणि त्यांना हायसं वाटलेलं मी समोर बसून पाहिलं. निघताना त्या वेशीपर्यंत सोडायला आल्या.

पुढे तीन-चार वर्षांनी त्या गेल्या. मला महिन्याभराने, दिघाशीच्याच एका रुग्णाकडून कळलं. डॉक्टर त्याआधीच गेले होते. सगळं खरं माहीत असलेला मी एकटाच उरलो होतो. आता हे वाचणारे तुम्ही आहात, म्हणून थोडं हलकं वाटतं. ओट्यावर बसून जे बोलायचं राहिलं ते असं होतं:

मावशी, वायर तुमच्या हातून तुटली नाही. मी हिसका मारला म्हणून तुटली, आणि डॉक्टरांसमोर मी तुमचं नाव घेतलं. दुधी तुम्ही आणलात, लूम तुम्ही ओळखलेत, चाचांना शुक्रवारी तुम्ही पाठवलंत. पाय तुम्ही वाचवलात. शाल मी घेतली. तुमची नोकरी माझ्या खोटेपणामुळे गेली आणि तुम्ही इतकी वर्षं स्वतःला दोष देत राहिलात, तेही मी ऐकून घेतलं. तुमचं काहीच चुकलं नव्हतं. मला माफ करा.